सतरा सक आणि मालवणचा समुद्र

मालवणला जायचं ठरलं ते भाऊबिजेच्या ताटात.

माझा धाकटा भाऊ दिलीप बोटीवर, इंजिनखात्यात. वर्षाचा बराचसा काळ पाण्यावर, त्यामुळे त्याची भाऊबीज एरवी पोस्टानेच यायची. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची ती दिवाळी मात्र त्याला नाशकात मिळाली. मी ओवाळलं, आणि साडीची घडी ठेवायच्या जागी पठ्ठ्याने ताटात ठेवले दोन मोठे रबरी चष्मे, नाकासकट अर्धा चेहरा झाकणारे, आणि दोन वाकड्या नळ्या. मी बघतच राहिले. भाऊ माझाच, थोडा वेडा असणार हे धरूनच चालले होते, पण ओवाळणीत रबर?

ही पोरांची ओवाळणी, असं त्याचं म्हणणं. चष्मा लावायचा, नळी तोंडात धरायची, पाण्यात पालथं तरंगायचं आणि खालचे मासे बघायचे. बाहेरच्या देशांत माणसं सुट्टीत हेच करतात म्हणे. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या सटाण्याच्या. त्यांनी नळी उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "हाई फुंकणी शे का?" चूल फुंकायची नळी ती फुंकणी. झालं, त्या दिवसापासून आमच्या घरात त्या वस्तूचं नाव फुंकणी पडलं. आता मालवण-तारकर्लीला जागोजागी स्नॉर्कलिंगच्या पाट्या लागल्यात, पण आमच्याकडे अजूनही कुणी जाऊन आलं की विचारतात, काय मग, फुंकणी लावली का?

हा ब्लॉग वाचणाऱ्या एक-दोन आयांनी विचारलं होतं की लहान मुलांना असं समुद्रात न्यावं का, त्यातून मूल नाजूक असेल तर? मी डॉक्टर नाही, नाशिकरोडच्या शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई आहे. पण आम्ही नेलं होतं, तेही जेव्हा सोबत कुणी प्रशिक्षक नव्हता, जॅकेट नव्हतं आणि मोबाइल तर स्वप्नातही नव्हता. म्हणून ही जुनी सहल सांगते. त्यातलं घ्यायचं ते घ्या, बाकी म्हातारीची बडबड म्हणून सोडून द्या.

आता आमच्या घरचं खरं दुखणं सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. माझी थोरली मनू तेव्हा दहा वर्षांची, आणि तिला पाचव्या वर्षापासून दमा. पंप वगैरे आमच्यापर्यंत पोचले नव्हते. गोळ्या, वाफारे आणि वेळ पडली तर डॉक्टरांकडे धाव घेऊन इंजेक्शन. नाशिकची थंडी पडली, कुणाकडे भिंती झाडल्या, शेजारच्या बंबात ओला लाकूडफाटा पेटला, की पोरीची छाती वाजायला लागलीच म्हणून समजा. पाठीवर हात ठेवून बसण्यापलीकडे आईला काही करता येत नाही तेव्हा फार वाईट वाटतं हो. मग मी तिला पाढे म्हणायला लावायची. सावकाश, एकेक ओळ. पाढा म्हणायचा तर श्वास घ्यावा लागतो आणि सोडावाही लागतो, आणि कोणत्या ओळीवर ती धापते यावरून मला तिच्या छातीचा अंदाज यायचा. पुढे पुढे ती सवयच झाली. न्हाणीघराचं दार लावून आंघोळीला गेली की पाढे मोठ्याने म्हणायचे हा नियम. आवाज येतोय तोवर मी स्वयंपाकघरात. आवाज थांबला की दारावर थाप.

थांबायची ती एकाच ठिकाणी, सतराच्या पाढ्यात. सतरा पाचा पंच्याऐंशीपर्यंत गाडी सुरळीत, आणि सतरा सक आलं की ठप्प. आमच्या वेळचे पाढ्यांतले शब्दही असे की एकशे दोनला एकशे दोन म्हणायचं नाही, दोनोदरसे म्हणायचं. ते तिच्या डोक्यात कधी राहिलंच नाही. किती वेळा मी कणकेच्या हातांनी दारावर थाप मारली असेल आणि आतून चिडका आवाज आला असेल की अगं आई, जिवंत आहे मी, सतरा सक अडलंय.

तर अशा पोरीला तोंडात नळी देऊन समुद्रात सोडायची कल्पना. मी साफ नाही म्हटलं. पण त्याआधीच कॉलनीत वेगळीच बातमी पसरली होती. नळी, श्वास आणि मनू एवढे तीन शब्द कुणाच्या तरी कानावर पडले असणार, कारण मामाने मनूसाठी फॉरेनहून दम्याची नळी आणली असा बोभाटा झाला. समोरच्या वहिनी तर खरंच येऊन विचारून गेल्या की आमच्या मामंजींना रात्री दम लागतो, एक दिवस वापरायला मिळेल का? दिलीपने हसत हसत त्यांना समजावलं. मनू मात्र हसली नाही. वहिनी गेल्यावर ती मला म्हणाली, "आई, माझ्यासाठी आणलेली प्रत्येक गोष्ट दम्याचीच असते का गं?"

मी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, सध्या साफ आहे, समुद्राची हवा बाधणार नाही. पाण्यातही उतरू दे, मात्र शेजारी पोहता येणारं माणूस हवं, गोळ्या बरोबर हव्यात आणि धाप लागली तर लगेच बाहेर. आमच्या यांना एलटीसी, म्हणजे ऑफिसची प्रवाससवलत, मिळत होती, माझ्या शाळेला सुट्टी, आणि दिलीपची बोट अजून लागायची होती. म्हणजे सगळे योग जुळून आले, अडून बसलेली फक्त मी. आणि आत्याबाई. त्या म्हणाल्या, "पोरना दम पाह्य, आनि तू तिले समुद्रमा लई चालनी?" मला त्यांचं पटत होतं हीच तर अडचण. पण मनूचा तो प्रश्न डोक्यातून जाईना.

निघायच्या आधी दिलीपने कॉलनीमागच्या सिमेंटच्या हौदावर तालीम घेतली. आणि तिथे एक गंमत झाली, जी फक्त नाशिककरांचीच होऊ शकते. आमची पोरं पाण्यात डोकं घालायला शिकली ती रामकुंडावर. तिथली शिकवण काय? नाक धरायचं, तोंड गच्च मिटायचं, बुडी मारायची आणि वर यायचं. पाण्याला तोंड लागलं की श्वास बंद, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. आता तोंडात नळी, नळीचं टोक हवेत, हवा हवी तेवढी, तरी पाण्यात चेहरा गेला की दोघंही श्वास रोखून धरत. धाकटा राजू, सात वर्षांचा, वर आला तो लालबुंद. वर चष्म्याची काच असूनही बिचारा त्यावरून नाक चिमटीत धरायला बघत होता. मनू दोनदा खोकत वर आली. दिलीप कंटाळला. अरे, नळी कशाला दिलीय मग, शोभेला? असं तो ओरडला.

तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, पाढे म्हणा.

नळीतून पाढा! मनूने तोंड पाण्यात घातलं आणि नळीच्या टोकातून आवाज आला, अँ अँ अँ, अँ अँऽ अँ. शब्द नाहीत, नुसता ठेका. पण वर्षानुवर्षं पाढे ऐकलेला माझा कान तो. दोनाचा ठेका वेगळा, तेराचा वेगळा. आणि पाढा म्हणायचा तर श्वास रोखून कसं चालेल? पोरगी श्वास घ्यायला लागली. पाच मिनिटांत राजूही लागला. हौदाभोवती जमलेली कॉलनीतली पोरं पोट धरून हसत होती, आणि मी तिथेच फर्मान काढलं की समुद्रात उतरायचं तर पाढे म्हणतच. आवाज बंद झाला की बाहेर. दिलीपने कपाळावर हात मारला, पण कबूल केलं.

निघालो एसटीने. नाशिकहून पुण्याला, रात्र नणंदेकडे, सकाळी कोल्हापूर, आणि तिथून राधानगरीवरून फोंडा घाट उतरून मालवण. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. तिकिटाचे तेव्हाचे भाव सांगत बसत नाही, ऐकून तुम्हाला फक्त हळहळ वाटेल. खिडकीशी बसलेल्या माणसांच्या विड्या आणि रस्त्याची धूळ या माझ्या दोन मोठ्या काळज्या. मनूच्या नाकावर ओला रुमाल बांधला होता. सिन्नर मागे पडलं आणि राजूने ताईची काळजी म्हणून की शान म्हणून कोण जाणे, पिशवीतून रबरी चष्मा काढून चढवला. मग मनूनेही दुसरा चढवला. तिकिटाला आलेला कंडक्टर दोघांकडे बघून थबकला आणि त्याने यांना विचारलं, "साहेब, वेल्डिंगचं काम आहे का पोरांना?" आमचे हे कमी बोलणारे. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हो, दोन अर्धी तिकिटं." बस हसली. संगमनेरपर्यंत निम्म्या बसने तो चष्मा लावून पाहिला होता.

दशम्या, लसणाची चटणी आणि चिवड्याचा डबा पुण्यापर्यंत पुरला. कोल्हापूरच्या स्टँडबाहेर मिसळ खाल्ली, ती राजूला झोंबली आणि त्याने सगळ्यांच्या वाटणीचं दही संपवलं. फोंडा घाटात वळणांनी दोघांचीही पोटं ढवळली. आजही त्या रस्त्याने जाणार असाल तर मुलांना घाटाआधी पोटभर देऊ नका. घाट उतरलो आणि हवा बदलली, अंगाला चिकटायला लागली. मनू खिडकीतून तोंड बाहेर काढून बसली होती. तिच्या पाठीला माझा हात लागलेलाच होता. छाती गप्प होती.

मालवणात उतरायची सोय माझ्या शाळेतल्या बाईंच्या ओळखीने झाली होती, एका खानावळीच्या मागची खोली. तेव्हा लॉजही मोजके. खानावळीच्या काकूंनी आमचं सामान बघून विचारलं की माशे धरूक इलास काय? दिलीपने सांगितलं, धरायला नाही, बघायला. काकूंना ते काही पटलं नाही. माशे बघूचे तर बाजारात बघा, सकाळी ताजे येतत, असं त्यांनी सुचवलं.

पहिल्या दिवशी किनाऱ्यावरच उतरलो आणि आमचा पार फज्जा उडाला. दोष माझा नाही, दोष खोबरेल तेलाचा. बाहेरगावी आले तरी सकाळी दोघांच्या डोक्यावर तेल थापून, मनूच्या दोन घट्ट वेण्या घालून मीच पाठवलं होतं. तेलकट केसांवर रबरी पट्टा टिकेना, कपाळावरच्या तेलाने चष्मा नाकावरून घसरे, आत पाणी जाई, काच तेलाने धुरकट होई. राजू चारी बाजूंनी खारं पाणी प्याला. तेव्हा आयांनो, ही एक गोष्ट लिहून ठेवा, समुद्रात जायच्या दिवशी मुलांना तेल लावू नका, केस मागे बांधा, एकही बट चष्म्याखाली येऊ देऊ नका. आणि काचेला आतून थुंकी चोळून विसळायची, म्हणजे धूर धरत नाही. आत्याबाई बरोबर असत्या तर या थुंकीवरून महाभारत झालं असतं. संध्याकाळी खानावळीमागच्या विहिरीवर रिठ्याने दोघांची डोकी स्वच्छ धुतली.

दुसऱ्या दिवशी होडी ठरवली. समुद्रातल्या किल्ल्याकडे माणसं नेणाऱ्या होड्या असतात, त्यातल्याच एका नावाड्याला दिलीपने पटवलं की किल्ल्यावर चढायचं नाही, बाहेर खडकांपाशी थांबायचं आहे. नावाडी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल, गडी गप्पिष्ट. असलं गिऱ्हाईक त्याने कधी पाहिलं नव्हतं. वारं नव्हतं, ऊन कोवळं, आणि किल्ल्याच्या आडोशाला पाणी असं होतं की होडीची सावली तळावर पडलेली दिसे. "बघा बाई, निवळ आसा," नावाडी म्हणाला. "छातीभर पाणी, काय घाबरूचा नाय." मी ऐकलं, पण मला ते ऐकू आलं नाही. मी आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात उतरले नव्हते. निवळ पाण्याला खोली नसते असं वाटतं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दिलीप आधी उतरला. मग राजू, कमरेला दोरी, दोरीचं टोक यांच्या हातात. मग मनू. तिने दोरी नको म्हटलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हट्ट केला नाही. फ्रॉक फुगला, दोन्ही हात पसरले, चेहरा पाण्यात गेला, आणि नळीतून आवाज आला. अँ अँ अँ. बे एके बे.

होडीच्या काठाला धरून मी ऐकत होते. एकीकडे राजूचा तिनाचा पाढा, घाईघाईचा. दुसरीकडे मनूचा, सावकाश. नावाड्याने वल्हं मांडीवर घेऊन बराच वेळ कान दिला आणि मग यांना विचारलं, "ह्यां काय म्हणतत पोरां?" यांनी सांगितलं, पाढे. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

बारा झाला, तेरा झाला. चौदा. मनू होडीपासून थोडी लांब सरकली होती, एका काळ्या खडकाच्या कडेला. पंधराचा पाढा तिचा आवडता, तो ती एका दमात म्हणते, पण इथे तिने तोही निवांत म्हटला. सोळा. माझा जीव जरासा खाली बसत होता. राजूच्या चष्म्यात पाणी गेलं म्हणून दिलीप त्याला होडीच्या पलीकडच्या अंगाला घेऊन आला आणि हेही तिकडे वाकले. मनूचा सतरा सुरू झाला. सतरा एके, सतरा दुणे, सतरा त्रिक, सतरा चोक, सतरा पाचा.

आणि बंद.

पहिल्यांदा मला हसूच आलं. समुद्रातसुद्धा सतरा सक अडलं म्हटलं. थांबले. आठवेल. नाही आठवलं तर अठरावर जाईल. पण पाढा पुढे जाईना. नळीचं टोक पाण्यावर उभं, हलत नाही. हात पसरलेले, हलत नाहीत. फ्रॉक तेवढा लाटेबरोबर वरखाली होतोय. मी हाक मारली. मग मोठ्याने मारली. कान पाण्यात, तिला काय ऐकू जाणार? पण हे सुचण्याएवढं डोकं तेव्हा कुठे होतं? मला एवढंच दिसत होतं की माझी पोर पालथी पडलीय आणि तिचा आवाज येत नाहीये. ती आतल्या आत धापत असेल तर? श्वास अडकून गप्प झाली असेल तर? मीच आणलं हिला इथे, मीच.

दाराला थाप मारावी तसं मी होडीला थापा मारल्या म्हणे. मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की मी पदर खोचला आणि नेसत्या पातळानिशी पाण्यात पडले.

नाकातोंडात खारं पाणी. मी मेले, हे पक्कं झालं. आणि मग पायाला वाळू लागली. उभी राहिले तर पाणी छातीला. नावाडी जीव तोडून सांगत होता तेच, छातीभर. मी दोन्ही हातांनी पाणी ढकलत, पायांत गुंडाळलेल्या पातळाला शिव्या घालत मनूपर्यंत पोचले, तिच्या काखेत हात घातले आणि तिला उभी केली. सगळा जोर लावून.

तिने तोंडातली नळी काढली आणि माझ्यावर असली भडकली, "आई! हलवलंस ना! आता आत गेला तो!"

कोण आत गेला? खडकाच्या भोकात एक ऑक्टोपस होता म्हणे, आठ पायांचा, एवढासा. तो वाळूवर आला की वाळूचा रंग घ्यायचा आणि खडकावर गेला की खडकाचा. तो बाहेर यावा म्हणून ती हालचाल न करता वाट बघत होती, आणि पाढ्याच्या आवाजाने तो घाबरतो असं तिला वाटलं म्हणून तिने पाढा थांबवला होता. मी तिला खडकाच्या उंचवट्यावर उभं केलं आणि तिच्या पाठीला कान लावला. तिथेच, पाण्यात उभी राहून. आत काही वाजत नव्हतं. श्वास चालला होता, लांब, सरळ, अगदी झोपलेल्या बाळासारखा. धापत होते ती मी. मनूने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सावकाश, आई. सावकाश घे." मला रडूच कोसळलं. भीतीचं नव्हे हो, सुटकेचं. पाच वर्षं धरून ठेवलेलं काहीतरी त्या खाऱ्या पाण्यात सुटलं.

तोवर दिलीप पोहत आला, हे होडीतून ओरडत होते, राजू दोरी ओढत होता. सगळ्यांना कळायचं ते कळलं. मग मनूने आपला चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर चढवला, केस आत जाऊ नयेत म्हणून माझ्या बटा मागे सारल्या. आता तू बघ, म्हणाली. मी नको नको म्हणेपर्यंत तोंडात नळीही आली. चेहरा पाण्यात घातला आणि माझाही श्वास बंद! रामकुंडाची बुडी, दुसरं काय. तिने पाठीवर टिचकी मारली. मला कळलं. मी सुरू केलं, बे एके बे.

काय दिसलं ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. हिरवं गवत एका बाजूला झुकायचं, मग दुसऱ्या. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे माझ्या पायांशी आले, पातळाच्या काठाला तोंड लावून गेले. माझे स्वतःचे पाय मला अनोळखी वाटले. खडकाच्या भोकाशी काहीतरी हललं, आणि मी बघत राहिले. किती वेळ, माहीत नाही. पुन्हा पाठीवर टिचकी पडली तेव्हा मी डोकं वर काढलं. मनू कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आठ एके आठवर थांबलीस," ती म्हणाली. "मी किती घाबरले माहितीये?"

आम्ही दोघी जे हसलो, की नावाड्याला वाटलं पाणी डोक्यात गेलं.

दुपारी खानावळीत ताटात तळलेला बांगडा आला. राजूने हात मागे घेतला. हा सकाळी आपल्याला भेटलेला तर नाही ना, असं त्याने काकूंना विचारलं. काकूंनी शपथेवर सांगितलं की हा लांबून, दुसऱ्या गावच्या समुद्रातून आलाय. तरी तो दोन दिवस सोलकढी-भातावर राहिला. मनूने मात्र दोन बांगडे खाल्ले. मला इतकी भूक लागली होती की मी कुणाकडे बघितलंच नाही.

उरलेले दिवस रोज सकाळी होडी. पाढ्यांचा नियम मी मागे घेतला नाही, पण सैल केला, ऑक्टोपस दिसला तर गप्प राहायची मुभा. माझं पातळ मिठाने इतकं कडक झालं की खोलीत कोपऱ्यात उभं करून ठेवता आलं असतं. परतीचा प्रवास तोच, त्याच घाटाने, त्याच धुळीने. कोल्हापूरजवळ मनूला थोडी धाप लागली, गोळी दिली, पुण्यापर्यंत ओसरली. म्हणजे समुद्राने दमा नेला वगैरे काही झालं नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मनूचा दमा आजही आहे. आता पर्समध्ये पंप असतो, आणि ती आपल्या मुलांना घेऊन समुद्रावर जाते तेव्हा मला फोन करून मुद्दाम विचारते, येतेस का, फुंकणी आहे.

तुम्ही जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, पाणी निवळलेलं असतं. चष्मा मुलांच्या चेहऱ्याला बसतो का हे घरीच बघा. दमा असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, औषध होडीत ठेवा, खोलीवर नको. आणि स्वतःही उतरा. काठावर बसून जे ऐकू येतं त्यावर फार विसंबू नका.

घरी पोचलो तेव्हा आत्याबाई दारातच उभ्या होत्या. माझी विचारपूस नाही, स्वतःच्या मुलाची नाही, पहिला प्रश्न, "पोरनी छाती कशी शे?" चांगली आहे म्हटलं. त्यांनी स्वतः पाठीवर हात ठेवून खात्री केली, मगच आम्हाला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळा. सकाळी मी पोळ्या लाटत होते, आत्याबाई लसूण सोलत होत्या, मनू न्हाणीत. पाढे चालू. चौदा, पंधरा, सोळा. सतरा आला. सतरा पाचा पंच्याऐंशी. आणि आवाज थांबला.

माझं लाटणं थांबलं. आत्याबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझे पाय दाराकडे वळले होते, हे खरं. मग मी पोळी उचलली आणि तव्यावर टाकली.

ती भाजून झाली, दुसरी लाटून झाली, तेव्हा आतून हाक आली. "आई, मी थांबलेय."

"कळलं."

"मग थाप नाही मारलीस?"

"पोळ्या करतेय," मी म्हटलं.

मग तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला, पाणी सांडल्याचा आला, आणि पोरगी पाढे सोडून चक्क गाणं गुणगुणायला लागली.